पाणलवंग

कळमन्याच्या पुढे, पिवळी नदीच्या अलीकडे
आमचा प्लॉट आहे. नंबर सत्तेचाळीस.
पंधराशे स्क्वेअर फूट, पूर्वमुखी,
आरएल लेटर फाइलमध्ये, नकाशावर जांभळा शिक्का.
नकाशात ईशान्येचा कोपरा
बाकीच्या तिघांसारखाच काटकोनात आहे.

तिथं जाऊन पाहिलं तर चिखल.
डिसेंबरातही.
तीन ट्रक मुरूम गिळून पुन्हा ओला,
आणि त्यात कंबरभर उंच एक रोप,
तांबूस दांडा, चार पाकळ्यांची पिवळी फुलं,
सकाळी डोळे उघडून बसलेली,
दुपारी नुसतं बोट लावलं की गळणारी.
पिवळ्या नदीचं पाणी कधीचंच काळं झालं.
पिवळं म्हणावं असं त्या भागात एवढंच.

पहिल्या वर्षी ह्यांनी उपटलं.
दुसऱ्या वर्षी मी, विळा घेऊन, मुळापर्यंत.
मूळ नेमकं कुठपर्यंत असते
ते कोणत्याच कागदावर लिहून नव्हतं.
तिसऱ्या वर्षी सुकलालला दोनशे रुपये आणि औषधाचा पंप.
चौथ्या वर्षी
मी मोजले : एकोणीस.

लेआउटच्या बोर्डाखाली
उकडलेले शिंगाडे घेऊन बसते भागरताबाई नान्हे.
माझ्या हातातला विळा पाहून म्हणाली,
"कायले उपटता वो बाई त्याले? पाणलवंग होय ते.
इथं बोडी होती ना. माहा सासरा डोंगा टाके,
आमी शिंगाडे काढो."
मी विचारलं, बोडी कुठपर्यंत होती?
तिनं हात उचलला,
बोर्डापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत एक रेघ ओढली हवेत,
मग माझ्याकडे पाहून म्हणाली,
"तुमी उभ्या हा ना, तिथं माह्या छातीलोक पाणी."

मी खाली पाहिलं.
नव्या चपला, कोरड्या.
तरी उगाच
साडी चार बोटं वर धरली.

रेणूनं लवंग ऐकलं आणि
एक शेंग तोडून सरळ दाताखाली धरली.
लांबट, कंगोरेदार, टोकाला चार पाकळ्यांची टोपी,
दिसायला अगदी डब्यातली.
मी थुंक म्हणेपर्यंत चावून झाली होती.
जिभेवर खसखशीहून बारीक दाणे घेऊन
ती विचार करत राहिली.
"लवंग नाही लागत गं आई.
काहीच नाही लागत.
ओलं लागते."

वास्तूवाले दाभणेकर आले, कंपास काढला,
ईशान्येला तोंड करून हसले.
"जलतत्त्वाची दिशा. इथं पाणी असलंच पाहिजे."
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे दाभणेकरांची फी मोजत होते.

तर ईशान्येला टाकी खणली.
पाच फुटांवर काळी माती लागली, तिच्यात गोगलगाईंचे पांढरे शंख,
भोक पाडलेला एक भाजक्या मातीचा गोळा, जाळ्याला बांधतात तसा,
आणि सहाव्या फुटाला पाणी
न बोलावता आलं.
दोन दिवस मोटर लावून ते उपसलं,
रस्त्यावर सोडलं.
मग आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, तीन हात,
खालचं पाणी आत येऊ नये म्हणून,
आणि वरून नळ, पेंचच्या पाण्याचा,
एक दिवसाआड, पाऊण तास.

गोळा मी भागरताबाईला दिला.
तिनं तो हातात तोलला, पदराला पुसला,
"आमचाच असन असं काई नाई," म्हणाली,
आणि शिंगाड्यांच्या टोपलीत ठेवून दिला.
पाव किलो घेतले तेव्हा तिनं
तागडीत एक मूठ जास्त टाकली.

आता घर आहे. गेटवर पाटी आहे.
टाकीचं झाकण आणि कंपाउंडची भिंत
ह्यांच्यामध्ये बोटभर फट राहिली आहे,
कंत्राटदार उद्या येतो म्हणून गेलाय.
फटीतून तांबूस दांडा आला. मग दुसरा.
आज सकाळी पहिलं फूल.

हे अंगणात उभे राहून विचारतात,
विळा कुठं ठेवला गं?

मला माहीत आहे कुठं ठेवला.
मी म्हटलं, बघा ना तिथंच असेल,
आणि गॅसवर चहा ठेवला,
त्यात एक लवंग, डब्यातली.
दुपारपर्यंत तर गळतंच ते.